जत्रा उठली, मागे काय उरलं? नागपुरातल्या आमच्या पायी फेरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही फेरी नेमकी कशाची?

जगभरात १८५१पासून मोठमोठी जागतिक प्रदर्शनं भरत आली. सहा महिन्यांसाठी एखाद्या शहरात सगळं जग गोळा व्हायचं: यंत्रं, कापड, धान्य, चित्रं, माणसं. मग ते उठून जायचं. काही ठिकाणी मात्र मागे एखादा मनोरा उरला, एखादं संग्रहालय उरलं, एखादा पूल उरला. त्या प्रदर्शनांच्या लाटेचं पाणी आपल्या नागपूरपर्यंत कसं पोचलं, हे आम्ही चालत चालत दाखवतो. सुरुवात गांधीसागर तलावापाशी, शेवट अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात. अंतर साधारण चार किलोमीटर.

नागपुरात कधी जागतिक प्रदर्शन भरलं होतं का?

नाही. हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून उत्तर आधीच स्पष्ट देतो. लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, शिकागो यांच्या यादीत नागपूर नाही. पण १८६५च्या डिसेंबरात इथे मध्य प्रांताचं मोठं प्रदर्शन भरलं. कला, कारागिरी आणि शेतमाल असे त्याचे तीन भाग, आणि साचा लंडनच्या प्रदर्शनाची आठवण करून देणारा. त्या वेळचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते भरवलं.

तेव्हाचं नागपूर डोळ्यांपुढे आणा. मध्य प्रांत १८६१मध्ये स्थापन झाला, म्हणजे राजधानीला जेमतेम चार वर्षं झालेली. अमेरिकेतलं यादवी युद्ध त्याच वर्षी संपलं होतं. त्या युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाकडे वळली होती. आणि रेल्वे? ती नागपुरात आली १८६७मध्ये. म्हणजे प्रदर्शनाला आलेला माल आणि माणसं शेवटचा टप्पा बैलगाडीनेच गाठत होती. आज मेट्रोच्या खाली उभं राहून हे सांगताना मला दर वेळी थोडं थांबावं लागतं. गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, धूळ, आणि गाडीत काडी-पेंढ्यात गुंडाळलेली मातीची भांडी. हे चित्र मी कुठे वाचलेलं नाही, माझ्या मनातलं आहे. पण गाड्या आल्या असणार, एवढं नक्की.

मग अजब बंगला त्या प्रदर्शनातून उरला का?

इथे बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. लंडनमध्ये आधी प्रदर्शन झालं, मग संग्रहालय आलं. १८५१चं प्रदर्शन संपल्यावर सुमारे १ लाख ८६ हजार पौंड शिल्लक राहिले. त्या पैशातून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली आणि तिथे पुढे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट, विज्ञान संग्रहालय, नॅचरल हिस्टरी म्युझियम अशी एकापाठोपाठ एक मोठी संग्रहालयं उभी राहिली. नागपुरात क्रम उलटा. आपलं संग्रहालय १८६३चं, प्रदर्शन १८६५चं. दोन्हींमागे एकच माणूस, टेंपल, आणि एकच विचार: प्रांतात काय पिकतं, काय बनतं, जमिनीखाली काय आहे, ते एका छताखाली मांडायचं.

म्हणून मी अजब बंगल्याला प्रदर्शनाचा अवशेष म्हणत नाही, त्याचा सख्खा भाऊ म्हणतो. लोकांनी ठेवलेलं नावही तेच सांगतं. सरकारी कागदावर मध्यवर्ती संग्रहालय, पण ज्यांनी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं त्यांच्यासाठी तो अजब वस्तूंचा बंगला होता. दीडशे वर्षं झाली, रिक्षावाल्याला अजूनही तेच नाव सांगावं लागतं.

फेरीचा रस्ता कसा आहे?

गांधीसागर (जुना जुम्मा तलाव), एम्प्रेस मिलची जागा, कॉटन मार्केट, लोहापुलाखालून सीताबर्डी (आमची बर्डी), झिरो माइल, कस्तुरचंद पार्क, विधानभवनाच्या बाहेरून अजब बंगला. सकाळी सातला निघतो, दहाच्या सुमारास संग्रहालयाचं दार उघडतं तेव्हा आपण तिथे असतो. काळाच्या क्रमाने चालायचं तर अजब बंगल्यापासून निघायला हवं, पण सकाळी सातला तो बंद असतो. म्हणून आपण नव्याकडून जुन्याकडे जातो.

एम्प्रेस मिलचा जागतिक प्रदर्शनाशी काय संबंध? तिथे तर आता मॉल आहे.

आहे ना मॉल. म्हणूनच तलावावरून निघालो की आधी तिथे थांबतो.

जमशेटजी टाटांनी इथल्या कापडगिरणीची कंपनी १८७४मध्ये काढली. तलावाजवळची दलदलीची जमीन घेतली आणि ती भरून काढायला लागले, तेव्हा इथल्या एका सावकाराने कर्ज द्यायला नकार दिला. हा माणूस सोनं मातीत पुरतोय, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे मिल चालली तेव्हा त्याच सावकाराने आपलं चुकल्याचं कबूल केलं, ही गोष्ट नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. १ जानेवारी १८७७ला मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केलं, म्हणून नाव एम्प्रेस.

बेझनजी मेहता इथले व्यवस्थापक. त्यांच्या काळात मिलने रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातायची नवी यंत्रं, आणून बघितली. अमेरिकेत निघालेली ही नवी चाती इंग्लंडच्या गिरण्या अजून जवळ करत नव्हत्या, तेव्हा नागपुरात ती फिरत होती. कामगारांसाठी पेन्शनचा फंड १८८६मध्ये सुरू झाला.

आता जागतिक प्रदर्शन. १८९३मध्ये शिकागोला कोलंबसच्या प्रवासाला चारशे वर्षं झाली म्हणून मोठं प्रदर्शन भरलं. जमशेटजी ते बघायला निघाले होते. जपानच्या योकोहामा बंदरातून ज्या बोटीने गेले, तिच्यावर एक तरुण संन्यासी होता. तोही शिकागोलाच निघालेला, तिथल्या सर्वधर्म परिषदेसाठी. स्वामी विवेकानंद. दोघांचं बोलणं झालं. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १८९८मध्ये, जमशेटजींनी विवेकानंदांना पत्र लिहिलं आणि बोटीवरच्या त्या भेटीची आठवण काढून विज्ञान संशोधन संस्थेच्या कामाबद्दल त्यांचा सहभाग मागितला. त्यातून पुढे बंगळूरची संस्था उभी राहिली. त्या बोटीचं नाव होतं एम्प्रेस ऑफ इंडिया.

मॉलच्या फाटकापाशी उभं राहून मी हे सांगतो तेव्हा लोक मागे वळून पाटीवरचं नाव पुन्हा वाचतात.

शिकागोला त्या वेळी अजून कोणी आपल्याकडचे होते का?

होते. मुंबईहून ब्राह्म समाजाचे बी. बी. नगरकर त्याच सर्वधर्म परिषदेत बोलले. राजा रविवर्मांची चित्रं शिकागोला लागली आणि त्यांना पदकं मिळाली. व्हिएन्नाच्या १८७३च्या प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला होता.

परिषद ज्या इमारतीत झाली, ती आज शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट आहे. तुमचं पोरगं तिकडे नोकरीला असेल आणि तुम्ही जाणार असाल, तर ती पायरी चढून या. प्रदर्शनाच्या बाकी बहुतेक इमारती प्लास्टर आणि तागाच्या काथ्याच्या होत्या, वरून पांढरा रंग. लोक त्याला पांढरं शहर म्हणत. १८९४मध्ये त्यातल्या पुष्कळ जळून गेल्या. ललित कलेची जी इमारत टिकली, तिथे आज विज्ञान आणि उद्योगाचं संग्रहालय आहे.

मग एवढा खर्च करून तात्पुरतं का बांधायचे?

नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको. आपण दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत काढतो. कागद, बांबू, रंग यांवर किती दिवस राबतात माणसं! मिरवणूक निघते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळा इतवारी-महाल रस्त्यावर येतो, आणि शेवटी ती जाळली जाते. जाळायचीच असते, म्हणून कोणी कमी मन लावून करत नाही.

प्रदर्शनांचंही तसंच होतं. आयफेल टॉवर १८८९च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बांधला तेव्हा परवाना वीस वर्षांचाच होता. नंतर तो उतरवायचा होता. वाचला तो बिनतारी संदेशांमुळे, कारण एवढ्या उंचीवरून लहरी लांब जात आणि लष्कराला ते उपयोगी पडलं. त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला यंत्रांचं अजस्र दालन होतं. पॅरिसने ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडून टाकलं. दोन्ही एकाच वर्षी बांधलेले, दोन्ही लोखंडाचे. फरक इतकाच की प्रदर्शन संपल्यावर एकाला काम मिळालं, दुसऱ्याला मिळालं नाही. आमच्या सगळ्या फेरीत मी हा एकच धागा धरून चालतो. प्रत्येक जागी आम्ही विचारतो: जत्रा उठल्याच्या दुसऱ्या दिवशी याचा कोणाला उपयोग होता?

झिरो माइलला का थांबता? तो कोणत्या प्रदर्शनाचा?

कोणत्याच नाही. तो भूमापनाचा. पण रस्त्यात आहे आणि टाळून पुढे जाणं मला जमत नाही.

वाळूच्या दगडाचा खांब, शेजारी उधळलेले चार घोडे. घोडे दगडाचे नाहीत, गिलाव्याचे आहेत. जवळ जाऊन बघितलं की रंगाच्या थरांखाली गिलाव्याचा खडबडीतपणा दिसतो. खांबाच्या पायावर शहरांची नावं आणि मैल कोरले आहेत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, शिवाय चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतूल. मुलांना मी तिथे बसवून नावं वाचायला लावतो. चांदा म्हणजे चंद्रपूर हे अर्ध्या मुलांना माहीत नसतं.

एक गोष्ट इथे सांगतोच. भारताच्या महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, म्हणजे त्रिकोण आखून देश मोजण्याच्या कामाचा, पाया घालणारे विल्यम लॅम्बटन १८२३मध्ये काम करता करता आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. नागपूरहून गाडीने दीड-दोन तासांत जाता येतं, आणि जावं असं मला मनापासून वाटतं.

याच परिसरात गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ला इथे गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी बांधव गेले. तिथे आपण दोन मिनिटं न बोलता उभे राहतो.

प्रदर्शनांमध्ये आदिवासींना मांडून ठेवायचे, हे खरं का?

खरं आहे. आणि हे सांगितल्याशिवाय फेरी पूर्ण होत नाही, म्हणून लहान मुलं सोबत असली तरी मी सांगतो.

पॅरिसमध्ये १८८९ला आफ्रिकेतल्या माणसांना आणून खोटी गावं उभी केली आणि लोक तिकीट काढून त्यांना बघत. सेंट लुईसला १९०४मध्ये फिलिपिन्सच्या लोकांचं तेच केलं. आपल्याजवळ, जबलपूरला १८६६मध्ये प्रदर्शन भरलं, तेव्हा मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींची माणसं बोलावून त्यांचं वर्णन करायला समिती बसवली. गोंड, कोरकू, बैगा. ज्या बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवलं तो गोंड राजा. त्याच गोंडांची वर्णनं अहवालात लिहिली गेली.

या भागातल्या जमातींबद्दल स्टीफन हिस्लॉप यांनी टिपणं लिहून ठेवली होती. ते मिशनरी, पण दगड, जीवाश्म, भाषा सगळ्याचा नाद. १८६३मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना ते नदीत बुडाले. त्यांची टिपणं टेंपल यांनी १८६६मध्ये छापून काढली. हिस्लॉप कॉलेजचं नाव ते हेच. माणूस जिज्ञासू होता याबद्दल मला आदर आहे. पण अजब बंगल्यात आदिवासी जीवनाच्या दालनात उभं राहिलं की मला वाटतं, तिथली पाटी गोंडीतही असायला हवी, आणि ती गोंड माणसानेच लिहायला हवी.

अजब बंगल्यात काय बघायचं?

एका तासात सगळं होत नाही, त्यामुळे आम्ही ठरवून थोडंच बघतो. माझी आवडती वस्तू गुंगेरियाची तांब्याची हत्यारं. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियात १८७०मध्ये गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून धातूचं टोक दिसलं. खणलं तर तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे शंभरावर पत्रे निघाले. त्यातले काही नमुने इथे आहेत. कुऱ्हाड साधी, चपटी, धार पसरट. काचेला नाक लावून बघितलं तर कडेला ठोकल्याचे उंचवटे दिसतात. कोणीतरी ते पातं गरम करून दगडावर ठेवून ठोकलं होतं, हजारो वर्षांपूर्वी. प्रदर्शनवाल्यांना प्रांतात काय बनतं ते मांडायचं होतं. गुराखी पोरांनी त्या प्रश्नाचं सर्वात जुनं उत्तर शोधून दिलं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मी एकदा सुट्टी बघून सोमवारी बावीस जणांना घेऊन गेलो होतो, त्यात भंडाऱ्याहून पहाटेच्या बसने आलेलं एक कुटुंब होतं. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून फेरी फक्त रविवारी.

कधी येऊ? उन्हाळ्यात असते का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये घेत नाही. एकदा एप्रिलच्या सुरुवातीला सकाळी नऊलाच एक आजी बर्डीत चक्कर येऊन खाली बसल्या. कांदा, पाणी, सावली मिळाली, बऱ्या झाल्या, पण तो धोका पुन्हा घ्यायचा नाही. पावसाळ्यात लोहापुलाखाली पाणी साचतं.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की विधानभवनाभोवती बॅरिकेड लागतात, मोर्चे असतात. ते रविवार आम्ही सोडून देतो.

पैसे किती?

फेरीचे काहीच नाहीत. संग्रहालयाचं तिकीट आणि नाश्ता ज्याचा त्याने.

नाश्ता कुठे?

कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे. पोह्यांवर लाल तर्री ओतली की चणे खाली बसतात, वरून कच्चा कांदा. तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळ्या वाटीत मागा, देतात.

खाता खाता पार्कबद्दल बोलणं होतं. सर कस्तुरचंद डागांच्या नावाचं हे मैदान. सर्कस, सभा, प्रदर्शनं सगळं इथे लागतं. शहराला असं रिकामं मैदान लागतंच. लंडनच्या १८५१च्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने हाइड पार्कमध्ये काचेचा महाल उभा केला, तोही अटीवर: संपलं की पार्क मोकळं करायचं. महाल उचलून सिडनहॅमला नेला, आणि तिथे तो १९३६मध्ये जळाला. हाइड पार्क मात्र अजून मोकळंच आहे. मधल्या छत्रीकडे बघत पोहे खाताना मला तेच बरं वाटतं, की मैदान मोकळं आहे.

महाराष्ट्रात अजून कुठे अशा खुणा आहेत?

मुंबईला भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. लंडन आणि पॅरिसच्या प्रदर्शनांसाठी वस्तू गोळा करण्याची जी धामधूम मुंबईत झाली, तिच्यातून हा संग्रह सुरू झाला. आजची इमारत १८७२ला खुली झाली. राणीच्या बागेत लेकरांना घेऊन जाता, तर शेजारच्या या दारातही जा.

परदेशात जाणार आहोत, काय चुकवू नये?

पॅरिसला सगळे टॉवर बघतात. त्याच्या पहिल्या मजल्याखाली चारही बाजूंनी ७२ शास्त्रज्ञ-इंजिनीअरांची नावं कोरली आहेत, ती खालून वाचा. मग १९००च्या प्रदर्शनाचा अलेक्झांडर पूल चालत ओलांडा, समोर ग्रां पाले आणि पेती पाले, तेही त्याच वर्षीचे. ब्रसेल्सला १९५८चं अॅटोमियम, लोखंडाच्या स्फटिकाची नऊ गोळ्यांची प्रतिकृती, मुलांना फार आवडते. सिअॅटलला १९६२ची स्पेस नीडल. मेलबर्नला मुलगी-जावई असतील तर १८८०ची रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग बघाच. ऑस्ट्रेलियाची पहिली संसद १९०१मध्ये तिथेच भरली, आणि आज ती जागतिक वारसा आहे.

वयस्कर माणसांना जमेल का? व्हीलचेअर?

चालणं सपाट आहे, पण लोहापुलाखाली गर्दी असते आणि बर्डीतले फुटपाथ कुठे कुठे अडलेले. ज्यांना त्रास होईल त्यांनी मेट्रोने झिरो माइल स्टेशनवर उतरून आम्हाला साडेआठला भेटावं. पुढचा रस्ता सोपा आहे. व्हीलचेअर असेल तर आधी सांगा, सोबत दोन माणसं ठेवतो.

लहान मुलं?

आठ वर्षांपुढची हवीत. त्यांच्यासाठी मी खिशात थोडा कापूस आणि एक टकळी ठेवतो. एम्प्रेस मिलच्या जागेवर प्रत्येकाने एक हात सूत काढून बघायचं. बहुतेकांचं तुटतं. मग मिलमध्ये एका साच्यावर किती चात्या एकाच वेळी फिरत होत्या, ते सांगायची गरज उरत नाही, तीच विचारतात.

आमच्या घरी मिलमधली जुनी वस्तू आहे. आणली तर चालेल?

आणाच. बॉबिन, पगाराचं पाकीट, पासबुक, फोटो, काहीही.

मागच्या हिवाळ्यात एक काका आले होते, ऐंशीच्या पुढचे, नातवाचा हात धरून. मॉलच्या समोर आम्ही उभे होतो आणि मी भोंग्याबद्दल बोलत होतो. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि आत पितळेचा गोल बिल्ला होता. वर नंबर ठोकलेला, कडा झिजून गुळगुळीत. म्हणाले, "पहिल्या पाळीला सहाच्या आत हा फळीवर लटकवला नाही, तर दिवस गेला." मग त्यांनी हात वर करून, मॉलच्या काचांमधून आरपार दाखवल्यासारखं, एक जागा दाखवली. "आमचं खातं तिथं होतं." नातवाने बिल्ला हातात घेतला, उलटून बघितला, आणि विचारलं, "आजोबा, हा नंबर तुमचाच का?"

"माझ्या आधी माझ्या बापाचा होता," ते म्हणाले.